टॉपला गेलीस का?

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. आपल्या या पानावर बहुतेक वेळा जुने वाडे, होळकरांच्या वेळच्या हकिगती, रामबागेतला गणपती, आजीच्या हातचं वरण-बट्टी असं सगळं येतं. ते मलाही आवडतं, मीही लिहिते. आज मात्र विषय वेगळा आहे आणि थोडा भांडणाचा आहे. राग आला तर खाली लिहा, मी वाचेन.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली मुलं आता बर्फात जायला लागली आहेत. मनालीला भाड्याचा लाल कोट घालून फोटो काढतात त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. पायाला स्की, पाठीवर पिशवी, आणि जिथे रोपवे नाही, तयार केलेला उतार नाही, दोरी नाही, अशा डोंगरावर स्वतःच्या पायांनी चढून जायचं आणि घसरत खाली यायचं. याला बॅककंट्री स्कीइंग म्हणतात. बंगलोर-पुण्याला नोकरी, हातात पैसा, जानेवारी-फेब्रुवारीत दहा दिवस सुट्टी मिळाली की निघाली मंडळी गुलमर्गला. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, त्यातलीच. चार वर्षं झाली. मागे एका लग्नात बसून सहज मोजलं, तर आमच्याच ओळखीच्या घरांतली अशी पाच मुलं निघाली. म्हणजे हा आता एका घराचा विषय उरला नाही.

घरोघरी याचे दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, "कशाला मरायला जायचं? इथे काय कमी आहे?" दुसरा पक्ष व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला की टाळ्यांचे हात टाकतो, "वा! घराण्याचं नाव काढलंस!" माझं भांडण दोघांशी आहे. पण खरं सांगू, दुसऱ्या पक्षाशी जास्त आहे.

माझा यात बोलायचा अधिकार काय, हे कोणी विचारेल म्हणून आधीच सांगते. मी १९८९ साली उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला. जवळपास चार आठवडे. तेव्हा आमच्या गल्लीत मुलीनं एकटीनं भोपाळला जाणं म्हणजे बातमी असायची. पुढे औलीला स्की शिकले, बरी शिकले, फार नाही. आता गुडघे ऐकत नाहीत. पण बर्फ काय चीज आहे ते मला ठाऊक आहे, आणि ते आपल्या लोकांना ठाऊक नाही, असा माझा आरोप आहे. यात कोणाचा दोष नाही. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आणि आपला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे महूजवळचा जानापाव, तो साडेआठशेच्या आसपास. आपल्याला पाण्याची भीती कळते. २०११ च्या जुलैमध्ये पाताळपाणीला अचानक लोंढा आला आणि एक कुटुंब डोळ्यांदेखत वाहून गेलं, ते इंदूरमध्ये कोणी विसरलेलं नाही. त्यानंतर पावसाळ्यात धबधब्याच्या पात्रात उतरणाऱ्या पोराला शेजारचा अनोळखी माणूसही ओरडतो, "भिया, बाहेर निघ." बर्फाच्या बाबतीत असं ओरडणारं आपल्यात कोणी नाही, कारण बर्फ आपल्याला सुंदरच दिसतो.

आता मुद्द्याचं. बर्फात माणसं मरतात ती थंडीनंच, असा आपला समज. म्हणून मुलगी निघाली की सगळे जाकिटाच्या मागे लागतात. दादानं पहिल्या वर्षी तिला परदेशी कंपनीचं पिसांचं जाकीट घेऊन दिलं. किंमत ऐकून वहिनी दोन दिवस बोलली नाही. जाकीट चांगलंच आहे, वाद नाही. पण स्कीवर चढताना माणूस इतका घामेजतो की ते जाकीट बराच वेळ पाठीवरच्या पिशवीत गुंडाळून पडलेलं असतं. थांबलं की घालायचं, निघालं की काढायचं. चढताना अंगात थोडी थंडी वाजली तरी चालते, घाम साठलेला चालत नाही. म्हणूनच आपल्या आयांचं ते "आतून सुती बनियन घाल, घाम शोषून घेतो" हे तिथे उलटं पडतं. सुती कापड घाम शोषतं आणि ओलंच राहतं, आणि ओला कपडा अंगावर घेऊन वाऱ्यात उभं राहिलात की संपलं. त्यापेक्षा पातळ लोकरीचा जुना स्वेटर कितीतरी बरा. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी लोकांचा स्वेटरबाजार लागतो, तिथलाही चालेल. (खाण्याचं विचाराल तर चॉकलेटचे बार थंडीत दगड होतात, दात हलतात. मुरैन्याची गजक मात्र तोंडात सहज फुटते. ग्वाल्हेरकरांनी यावर कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

चढतात कसं, तेही सांगते, कारण पुष्कळांना वाटतं स्की म्हणजे फक्त घसरणं. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी सीलच्या कातड्याची असायची, आता अंगोरा बकरीच्या केसांची नाहीतर नायलॉनची, पण नाव अजून स्किन म्हणजे कातडंच. केस एका दिशेनं बसलेले असतात, मांजरीच्या पाठीसारखे. पुढे सरकवलं की सरकते, मागे घसरायला लागली की केस बर्फात रुततात. बुटाची टाच मोकळी सोडलेली असते, त्यामुळे चालता येतं. वर पोचलं की पट्टी सोलून काढायची, टाच अडकवायची, आणि खाली यायचं. तीन तास चढायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरायचं. दादा म्हणतो, हा तोट्याचा व्यवहार आहे. असेल. ज्याला जमतं त्याला त्या पंधरा मिनिटांत काय मिळतं, ते मी औलीच्या छोट्या उतारांवरही थोडंसं चाखलं आहे, म्हणून मी पहिल्या पक्षात नाही.

मग माणसं मरतात कशानं? बऱ्याचदा हिमस्खलनानं, ज्याला मुलं अ‍ॅव्हलांच म्हणतात. आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं की वर कुठेतरी कडा कोसळतो आणि खालच्या बिचाऱ्यावर येतो. पण स्कीवाल्यांच्या बहुतेक अपघातांत तसं नसतं. पृथ्वीवर जिथे जिथे याच्या नोंदी ठेवल्या गेल्या, तिथे दिसतं की दहापैकी नऊ वेळा तो थर त्या माणसानं स्वतः किंवा त्याच्याच सोबत्यानं मोडलेला असतो. बर्फ थराथरानं पडतो. एखादा थर कच्चा, साखरेसारखा राहतो, त्यावर वारा नवा बर्फ आणून दाबून बसवतो, आणि वरून सगळं गुळगुळीत, पांढरं, शांत. त्यावर माणसाचं वजन पडलं की खालचा कच्चा थर बसतो आणि वरची पूर्ण लादी सुटते. पायाखाली "धप्प" असा दबका आवाज येतो. तो आवाज ऐकला की शहाणी माणसं तिथून निघतात. आणि हे कुठल्या उतारावर होतं? तीस ते पंचेचाळीस अंशांच्या. आपल्या घरातला जिना तीस-पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे सरळसोट कडा नव्हे, जिन्याएवढा चढ. स्की करायला जो उतार सगळ्यात मजेचा, तोच सगळ्यात धोक्याचा.

गाडलं गेल्यावर काय होतं, हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. थांबलेला लोट सिमेंटसारखा घट्ट बसतो. एक घनमीटर म्हणजे तीनशे ते पाचशे किलो. आतला माणूस बोटही हलवू शकत नाही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात. पूर्वी ही मर्यादा पंधरा मिनिटांची धरायचे, नव्या अभ्यासात ती आणखी कमी निघाली. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की तीनातला एकही वाचेल याची खात्री नाही. आता सांगा, गुलमर्गच्या मागच्या खोऱ्यात दहा मिनिटांत कोण येणार? पोलीस नाही, हेलिकॉप्टर नाही, लष्कर नाही. जे सोबत आहेत तेच. फोनला तर तिथे बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते. आणि सॅटेलाइटचं यंत्र परवानगीशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाही, त्यापायी परदेशी पर्यटकांना विमानतळावर अडकवून ठेवल्याच्या बातम्या आल्या आहेत. अमेरिकेतल्या कोण्या दादानं हौसेनं पाठवलं असेल तर आधी नियम बघा.

म्हणून तीन वस्तू लागतात. पहिली बीकन, म्हणजे अंगावर पट्ट्यानं बांधायचं छोटं यंत्र. ते सारखं एक लहर सोडत राहतं. कोणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधण्यावर टाकायचं आणि आकडा कमी होत जाईल तसं जवळ जायचं. खिशातला मोबाईल त्यापासून लांब ठेवायचा, नाहीतर गोंधळ होतो. दुसरी प्रोब, म्हणजे घडीची लांब काठी, अडीच मीटरच्या आसपासची. ती खुपसत जायचं, माणसाला लागली की तशीच रोवून ठेवायची. तिसरं फावडं. धातूचं, घडीचं, पिशवीच्या आत मावणारं. तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे. एकाकडे असून उपयोग नाही, कारण तुमचं बीकन तुम्हाला वाचवत नाही, तुमच्या मैत्रिणीला वाचवतं. आणि फावडं सगळ्यात महत्त्वाचं, कारण सगळ्यात जास्त वेळ उपसण्यात जातो. एक मीटर खाली गेलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर बर्फ उपसावा लागतो. तो काठीच्या वरून खड्डा करत नाही उपसायचा, उताराच्या खालच्या बाजूनं आत शिरायचं असतं. हे सगळं पुस्तक वाचून येत नाही, पुन्हा पुन्हा करून येतं.

दादाच्या मुलीला पहिल्या वर्षी या तीन वस्तू ट्रिप काढणाऱ्यांनी भाड्यानं दिल्या होत्या. बीकनची बॅटरी अर्धी संपलेली, प्रोबची दोरी तुटलेली. नाव लिहीत नाही, कारण असे बरेच आहेत. तिनं तक्रार केली तर उत्तर मिळालं, "मॅडम, आजपर्यंत कुणाला लागलं नाही." या वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्या कोणाच्याही सोबत आपल्या मुलांना पाठवू नका. गुलमर्गला फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीवाले गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन गेला. दोन्ही वेळा त्यांच्यासोबतच्या पुष्कळ जणांना वाचवता आलं. तिथला गोंडोला माणसाला ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. रोपवेच्या आसपासचा पट्टा पेट्रोलची माणसं सांभाळतात, सैल बर्फ स्फोटानं पाडून टाकतात, रोजचा इशारा लावतात. दोरीच्या पलीकडे पाऊल टाकलं की तुम्ही आणि तुमचे सोबती.

इथपर्यंत वाचून पहिला पक्ष म्हणेल, बघा, आम्ही काय सांगत होतो! थांबा जरा. शिकलेल्या माणसांनाही डोंगर सोडत नाही, हे मला माहीत आहे. २०२२ च्या ४ ऑक्टोबरला द्रौपदी का डांडा-२ वर माझ्याच संस्थेच्या कोर्सचे लोक हिमस्खलनात सापडले. सत्तावीस जणांचे देह मिळाले, दोघं त्या वेळी मिळालेच नाहीत. त्यात सविता कंसवाल होती, जिनं त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. ती बातमी आली त्या रात्री मी जेवले नाही. पण तिच्यासारख्या मुलींना घरात बसवून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इंदूर-भोपाळ रस्त्यावर माणसं रोज मरतात, त्यावर आपण गाडी विकत नाही, हेल्मेट घ्या म्हणतो. तेव्हा "जाऊ नको" हे माझ्या मते आळशी माणसाचं उत्तर आहे. आणि मुलं तसंही ऐकत नाहीत. सांगून जाण्याऐवजी न सांगता जातात, एवढाच फरक पडतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे येते.

मागच्या फेब्रुवारीत भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी, सोबत तंगमर्गच्या बाजूच्या गावातला एक जुना गाइड, अशी पाच माणसं अफरवटच्या मागच्या बाजूला गेली होती. आधी तीन दिवस बर्फ पडत होता, वारा होता. चौथ्या दिवशी आकाश निळंशार. सगळं गुलमर्ग वेडं झालेलं. दोन तास चढल्यावर, डोक्यावरचा माथा समोर दिसत असताना, गाइडच्या स्कीखाली धप्प झालं आणि एक बारीक भेग बर्फावरून पळत गेली. त्यानं काठीनं सगळ्यांना थांबवलं. फावड्यानं खड्डा खणला, थर बघितले, एक ठोकळा कापून त्यावर थाप मारली. ठोकळा सरकन निसटला. त्यानं काही भाषण केलं नाही, "वापस," एवढंच म्हणाला. ती माणसं ज्या वाटेनं चढली होती त्याच सौम्य वाटेनं परत आली. उतरतानाची मजासुद्धा मिळाली नाही, कारण झाडीतून जपून यावं लागलं.

संध्याकाळी तिनं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "आज वरपर्यंत गेलो नाही, बर्फ चांगला नव्हता, परत आलो." आमच्या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं आहेत. आदल्या वर्षी माथ्यावरच्या फोटोला छत्तीस उत्तरं आली होती. या वेळी सात. एका काकांनी लिहिलं, "अरेरे. मग पुढच्या वेळी नक्की!" दुसऱ्या एकानं, "एवढा खर्च करून वर गेलीच नाहीस?" आणि तिच्या सख्ख्या आजीनं फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा, "टॉपला नाही गेलीस का ग?" आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांना टॉप हा शब्द नातवंडांनीच शिकवला. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. सगळे लाडानंच बोलत होते.

त्या मुलीनं पुढे मला जे सांगितलं त्यामुळे ही पोस्ट लिहिते आहे. म्हणाली, "आत्या, तिथे खड्ड्यापाशी उभं असताना मला मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? ग्रुप. आता ग्रुपवर काय टाकायचं, हे आलं." तिनं ते बाजूला सारलं, कारण गाइड पक्का होता. पुढच्या वेळी गाइड एखादा कच्चा असेल तर? त्यालाही पोट आहे, गिऱ्हाईक खूश झालं नाही तर पुढचं काम नाही. मग त्या उतारावर निर्णय कोण घेतंय? दीड हजार किलोमीटरवर बसून चहा पिणारे आपण.

ज्यांना वाटतं की परत येणं म्हणजे हार, त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. भारताची पहिली एव्हरेस्ट मोहीम १९६० ची. ब्रिगेडियर ग्यान सिंग नेते. नवांग गोम्बू, सोनम ग्यात्सो आणि नरेंद्र कुमार हे तिघं ८,६२५ मीटरपर्यंत पोचले. शिखर सव्वादोनशे मीटर वर. हवा बिघडली, ते फिरले. १९६२ साली मेजर जॉन डायस यांची मोहीम. सोनम ग्यात्सो, हरी डांग आणि मोहनसिंग कोहली आणखी वर, ८,७२० च्या आसपास पोचले. शिखर सव्वाशे-दीडशे मीटरवर. तेही फिरले. सव्वाशे मीटर म्हणजे आपल्या राजवाड्यापासून सराफ्यात जिलबी खायला जायचं अंतर. तिथून फिरले! मग १९६५. नेते तेच कोहली. नऊ जण शिखरावर. त्यात गोम्बू होते, आणि एव्हरेस्टवर दोनदा चढलेला पृथ्वीवरचा पहिला माणूस ठरले. सोनम ग्यात्सो होते. नरेंद्र कुमार उपनेते होते. त्यांनीच पुढे गुलमर्गची स्की-शाळा सांभाळली, सियाचेनवर गेले, आणि २०२० च्या शेवटच्या दिवशी म्हातारे होऊन गेले. १९६० मध्ये ते तिघं हट्टानं पुढे गेले असते तर १९६५ चं हे सगळं कोणी केलं असतं?

आणि आपल्याला हे कळत नव्हतं असंही नाही. आपल्याकडे मावंदं होतं. नव्या मुलांना शब्द माहीत नसेल म्हणून सांगते. काशीयात्रा करून माणूस घरी आला की गंगापूजन करून गावाला जेवण घालायचे, त्याला मावंदं म्हणतात. माझ्या पणजीनं बद्री-केदारची यात्रा केली तेव्हाही घातलं होतं, असं घरात सांगत. त्या वाटांवर अहिल्याबाईंनी धर्मशाळा बांधल्या होत्या, त्यामुळे आपल्या माळव्यातल्या लोकांना ती यात्रा घरचीच वाटायची. पण निघताना माणूस निरवानिरव करून निघायचा, आणि परत आला की जेवणावळ. केदारला पोचला त्या दिवशी इथे कोणाला काही कळायचंही नाही. पोचल्याचा फोटो नव्हता. सोहळा व्हायचा तो उंबरठ्याच्या आत पाय पडल्यावर, पायावर पाणी घालून. आता आपण सोहळा माथ्यावरच उरकून टाकतो. मुलगी चोवीस तासांनी खाली सुखरूप पोचली का, हे विचारायला ग्रुपवर कोणी जागं नसतं. आणि गाइड लोक तर सांगतात की कित्येक अपघात उतरतानाच होतात.

तेव्हा माझं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. पहिली पैशाची. तुमच्या घरातलं पोर बर्फात जाणार असेल आणि तुम्हाला काही द्यायचं असेल, तर जाकीट दुसऱ्या नंबरवर. आधी बीकन, प्रोब आणि फावडं. आम्ही तिन्ही नवीन घेतली, चाळीस हजारांच्या पुढे गेलं, रक्कम लहान नाही. पण दिवाळीत आपण याहून जास्त कशाकशावर घालतो ते बघा. त्याआधी शिकण्याचे पैसे. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्की आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची आहे, पहलगामला जवाहर संस्था आहे, उत्तरकाशी आहेच. खाजगी ट्रिपच्या मानानं तिथली फी फार कमी असते. रांग असते, शिस्त कडक असते, सकाळी पाचला उठवतात, तेही बरंच. जे पोर "मला कोर्सची काय गरज, मी व्हिडिओ बघितलेत" म्हणतं, त्याला पैसे देऊ नका. हे मी सख्ख्या भाच्यालाही म्हटलं आहे, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. जाताना विचारा, सोबत कोण कोण आहे, प्रत्येकाकडे तिन्ही वस्तू आहेत का, आणि आजचा इशारा कितीचा आहे. हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अशा पायऱ्यांनी सांगतात. डिफेन्सची डीजीआरई नावाची संस्था आपल्याकडे हे अंदाज देते. सगळ्यांना वाटतं चार आणि पाच धोक्याचे. पण युरोपातल्या नोंदी बघितल्या तर पुष्कळ माणसं तीनवर जातात, कारण तीनला माणूस "चालतंय की" म्हणून निघतो. आणि परत आल्यावर टॉपचं विचारू नका. "कुठून फिरलात? का फिरलात?" असं विचारा, आणि उत्तर नीट ऐकून घ्या. तिला सांगायला आवडतं. त्या खड्ड्यातले थर, तो ठोकळा, ती भेग याबद्दल ती माझ्याशी दीड तास बोलली. माथ्यावरच्या फोटोबद्दल कधी पाच मिनिटंही बोलली नव्हती.

कोणी म्हणेल, असं केलं तर मुलं कच्ची होतील, जरा ऊन लागलं की परत येतील. मला ते पटत नाही. तीन तास कातडं लावून बर्फ चढणारं पोर आळशी नसतं, त्याला ढकलायची गरज नसते. आपण त्याच्या पाठीवर आधीच पुष्कळ वजन ठेवलेलं असतं.

डिसेंबरमध्ये महू रस्त्यावरच्या आमच्या शेतात आम्ही एक उद्योग केला. एक बीकन सुरू करून डब्यात घातलं आणि भुशाच्या मोठ्या ढिगात खोल पुरलं. घरच्यांना पाठ करायला लावली, हातात दुसरं बीकन, प्रोब, फावडं दिलं आणि घड्याळ लावलं. आधी हसणंच चाललं होतं. दादाला डबा काठीला लागेपर्यंत चौदा मिनिटं लागली. उपसणं अजून बाकीच होतं, आणि तो नुसता भुसा होता. नंतर भाचीनं केलं. साडेतीन मिनिटांत काठी लागली, आणखी दोन मिनिटांत डबा हातात. दादा बांधावर बसून राहिला, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुन्हा लाव." दुपारपर्यंत तो सहावर आला. आजींनी खाटेवर बसून घड्याळ धरलं होतं आणि प्रत्येकाला वेळ ओरडून सांगत होत्या.

यंदाही डिसेंबरच्या पहिल्या रविवारी करणार आहोत. ज्यांच्या घरातलं कोणी या हिवाळ्यात बर्फात जातंय त्यांनी मला निरोप टाका, पत्ता पाठवते. सकाळी आठला या, मुलांच्या आई-वडिलांनाही आणा. पोहे-जिलबी आमच्याकडून. फावडी घरून आणू नका, शेतावर तीन आहेत.